शुद्ध तुपाची अशुद्ध पाटी

व्यापार आणि व्याकरण यांचा काय संबंध, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा आमचेच जुने विद्यार्थी असतात. आता त्यांची दुकाने आहेत, वर्कशॉप आहेत, कुणी मल्टिपर्पज सोसायटीचा संचालक आहे, कुणी काजूचा धंदा करतो. "सर, माल चोख असला की बास. वेलांटी इकडची तिकडं झाली म्हणून गिऱ्हाईक परत जातंय होय?" असे ते म्हणतात, आणि आम्हीही हसून विषय बदलतो. परंतु अलीकडे डोळ्यांसमोर घडलेल्या काही गोष्टींवरून हा विषय हसून सोडण्यासारखा नाही, असे आमचे मत झाले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक पाटी पाहू. 'शुध्द तुपातील मिष्ठान्ने मिळतील' अशी ही पाटी आपल्या भागात एका दुकानावर नव्हे, अनेक दुकानांवर आहे. चार शब्दांच्या या पाटीत दोन शब्द चुकलेले आहेत. 'शुद्ध' या शब्दात आधी 'द' येतो आणि त्याला 'ध' जोडला जातो. पाटीवर मात्र 'ध' अर्धा करून त्याला 'द' जोडलेला असतो. मिष्ट म्हणजे गोड. मिष्ट अधिक अन्न म्हणजे मिष्टान्न. 'मिष्ठ' असा शब्द मराठीत नाही आणि संस्कृतातही नाही. म्हणजे ज्या एका शब्दावर त्या दुकानाची सारी पत उभी आहे, तो 'शुद्ध' हा शब्दच अशुद्ध!

आता तूप अशुद्ध आहे असे यावरून कुणी म्हणणार नाही. पेढा तोंडात टाकल्यावर तुपाचा निवाडा जीभ करतेच. पण पेढा तोंडात जाण्यापूर्वी गिऱ्हाईक पाटी वाचते. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला मालक माहीत आहे, मालकाचे वडील माहीत आहेत. त्याला पाटीची गरजच नाही. पाटी असते ती परगावच्या माणसासाठी. कोल्हापूरहून गोव्याकडे जाणारा, लग्नासाठी आलेला, बसस्टँडवर तासभर खोळंबलेला असा जो अनोळखी माणूस, त्याच्याशी तुमच्या वतीने पहिले बोलणे ती पाटी करते. तिथे तिची बोबडी वळली, तर सावरून घ्यायला मालक जवळ नसतो. शिवाय ज्याला चूक कळते तो ती कधी सांगत नाही. तो मनाशी एक खूणगाठ बांधतो आणि पुढे जातो. पेढा खारट झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडते, पण पाटी चुकली म्हणून भांडायला आलेला माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही.

पाटीचे एक वेळ सोडून देऊ. तिथे नुकसान झाले तरी ते दिसत नाही. पण चुकीच्या वाक्याने एखादी संस्था कशी हादरते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आपल्या सीमाभागात गावोगाव सहकारी पतसंस्था आणि मल्टिपर्पज सोसायट्या आहेत. निवृत्त जवानांचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे, ऊसबिलातून बाजूला काढलेले पैसे असा सगळा प्रपंच तिथे ठेवलेला असतो. काही सोसायट्या बुडाल्याचे लोकांनी पाहिले आहे, त्यामुळे विश्वास आहे, पण तो काचेच्या भांड्यासारखा आहे. अशाच एका सोसायटीच्या फलकावर एका सोमवारी सूचना लागली : 'मुदत संपलेल्या ठेवींवर व्याज मिळणार नाही याची ठेवीदारांनी नोंद घ्यावी.'

लिहिणाऱ्याच्या मनात काय होते? मुदत संपल्यानंतर लोक ठेव तशीच ठेवतात आणि वर्षभराने येऊन त्या वर्षाचेही व्याज मागतात. ते नियमाप्रमाणे देता येत नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. पण वाचणाऱ्याने काय वाचले? मुदत संपली की व्याज बुडाले! पाच वर्षे पैसे ठेवून मुद्दल तेवढे हातात येणार! दुपारपर्यंत ही वार्ता शेजारच्या दोन गावांत पोहोचली. संध्याकाळी दारात गर्दी होती. त्यात एक म्हाताऱ्या अक्का पावती पदराला बांधून पायरीवर बसल्या होत्या आणि आल्यागेल्याला एकच विचारत होत्या, "माझं व्याज गेलं काय रे बाळा?" मॅनेजर सर्वांना समजावून सांगत होते. पण तोंडाने सांगितलेले खरे की फलकावर शिक्का मारून लिहिलेले खरे, असा लोकांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. पुढच्या काही दिवसांत अनेकांनी मुदतीपूर्वीच ठेवी मोडल्या. मुदतीपूर्वी ठेव मोडली की व्याज कमी मिळते. म्हणजे नुकसान संस्थेचे झाले आणि ठेवीदारांचेही झाले.

नंतर ती सूचना बदलून लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही लिहिले : 'ठेवीची मुदत ज्या दिवशी संपते, त्या दिवसापर्यंतचे ठरलेले पूर्ण व्याज ठेवीदारास मिळेल. त्यानंतर ठेव तशीच राहिल्यास पुढील दिवसांचे व्याज मिळणार नाही. म्हणून मुदत संपताच रक्कम काढून न्यावी किंवा ठेव नव्याने करावी.' यात अलंकार नाही, अवघड शब्द नाही. एका वाक्याची तीन वाक्ये झाली एवढेच. पहिल्या सूचनेत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. काळजीपूर्वक लिहिणे म्हणजे केवळ शुद्धलेखन नव्हे. आपले वाक्य धास्तावलेला, घाईत असलेला, चष्मा घरी विसरलेला माणूस कसे वाचेल, याचा विचार आधी करावा लागतो. शुद्धलेखन त्यानंतरचे.

पेढीवरची शिस्त

ही दृष्टी आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना होती. त्यांच्यातले अनेक जण शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण लिहिण्याच्या बाबतीत ते आजच्या पदवीधरांपेक्षा सावध होते. रोजकीर्द आणि खतावणी मोडीत लिहिली जाई, आणि लिहिताना खाडाखोड करणे हा मोठा दोष मानला जाई. कारण खोडलेला आकडा उद्या कज्जाला कारण होतो. हुंडी लिहिण्याची रीत तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रक्कम प्रथम अंकांत लिहीत, मग अक्षरांत लिहीत, आणि एवढ्याने भागत नाही म्हणून तिची निम्मी रक्कम सांगून 'तिची दुप्पट' असेही लिहीत. हजार रुपयांची हुंडी असेल तर हजार, त्याचे निम्मे पाचशे, त्याची दुप्पट. वाचताना हे पाल्हाळ वाटते. पण कुणी लबाडीने एक शून्य वाढवले, तर त्याला अक्षरेही बदलावी लागणार आणि निम्म्याचा हिशेबही बदलावा लागणार! शेकडो कोसांवरच्या अनोळखी पेढीने त्या एका कागदावर पैसे मोजून द्यायचे असत. ज्या पेढीचा कागद स्वच्छ, तिची हुंडी बिनबोभाट वठणार. अक्षर ही त्या काळी पत होती, आणि हा शब्दप्रयोग आम्ही अगदी शब्दशः करीत आहोत.

कायद्यानेही अक्षराचा हा मान राखला आहे. चेक न वठल्याचे खटले ज्या कायद्याखाली चालतात, त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १८ असे सांगते की, अंकांत एक रक्कम आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम धरावी. म्हणजे आकड्यापेक्षा शब्द श्रेष्ठ! आता आपल्या मुलांना एकोणऐंशी म्हणजे किती, हे विचारून पाहावे. इंग्रजी माध्यमातली मुले तर सोडाच, मराठी शाळेतलीही कित्येक मुले एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळतात. समजा, अशाच एका मुलाने वडिलांच्या वतीने एखाद्याकडून वचनचिठ्ठी लिहून घेतली. अंकांत ७९,००० घातले आणि अक्षरांत 'एकोणसत्तर हजार' लिहिले. घेणाऱ्याचे दहा हजार रुपये एका शब्दात गेले. आम्ही वर्गात एकोणीस ते नव्व्याण्णव अक्षरी लिहायला लावतो, तेव्हा पालक विचारतात की हे आता कशाला. त्याचे उत्तर हे आहे.

बेळगावचे उदाहरण

व्यवसाय आणि लेखन यांचा विषय निघाला की पुण्या-मुंबईची उदाहरणे दिली जातात. आपल्याला त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो-येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे १९१० साली कारखाना औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर गेला आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावला त्याची चुटपुट आजही आहे. असो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२० हे आहे. त्या वर्षी कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचे नियतकालिक सुरू केले. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. कारखान्याच्या मालाची आणि कामाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. दुसऱ्या कुणी हेच काम किमतीचा तक्ता छापून उरकले असते. शंवाकि स्वतः चित्रकार होते, लेखक होते. कारखान्याचे पत्रक म्हणजे काहीतरी भरून काढायचे पान, असे त्यांनी मानले नाही. भाषा सोपी, मजकूर तपासलेला, चित्रे नेटकी. होता होता त्या खबरीचे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रातले एक अग्रगण्य मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. ज्या घरात किर्लोस्करांचा नांगर नव्हता, पंप नव्हता, त्या घरातही किर्लोस्कर हे नाव महिन्याच्या महिन्याला जाऊ लागले, आणि ते घरातल्या बायकामुलांनाही आपले वाटू लागले.

मासिक चांगले होते म्हणून नांगर खपला, असे आमचे म्हणणे नाही. नांगर खपला तो जमिनीत चालला म्हणूनच. पण ज्या माणसाने माळावरचा तो कारखाना कधी पाहिला नाही, त्याला कारखान्यातली शिस्त कशावरून कळावी? त्याच्या हातात असलेल्या पानावरून. ज्यांचे छापलेले पान एवढे काळजीने केलेले, त्यांचे ओतीव कामही काळजीचे असेल, असे मन आपोआप मानते. हा तर्क पक्का नाही, हे आम्हाला कबूल आहे. पण गिऱ्हाईक याच तर्काने चालते, आणि आपणही डॉक्टरची पाटी, वकिलाची नोटीस आणि लग्नाची पत्रिका पाहून याच तर्काने चालतो.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. दाम दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या कंपन्या आपल्या भागात येऊन गेल्या. त्यांची पत्रके गुळगुळीत कागदावर होती, आणि भाषाही शुद्ध होती! मग लेखनावर भरवसा कसा ठेवायचा? आमचा ठोकताळा असा आहे : पत्रकातली विशेषणे बोटाने झाकावीत आणि खाली काय उरते ते पाहावे. 'विश्वसनीय', 'अग्रगण्य', 'सुवर्णसंधी', 'तत्पर व विनम्र सेवा' हे झाकल्यावर दर, मुदत, पत्ता, जबाबदार माणसाचे नाव असे काही उरत असेल, तर लिहिणाऱ्याला सांगायचे काही आहे. काहीच उरत नसेल, तर पाकीट रिकामे आहे. सोसायट्यांचे वार्षिक अहवालही याच रीतीने वाचावेत. 'थकबाकी कमी करण्याच्या दृष्टीने सर्वतोपरी प्रयत्न करण्यात येत आहेत' या वाक्यात प्रयत्न कोण करतो ते नाही, थकबाकी किती ते नाही, कधीपर्यंत ते नाही. त्याऐवजी 'गेल्या वर्षापेक्षा थकबाकी वाढली आहे, त्याची कारणे ही' असे एखाद्या चेअरमनने लिहिले, तर सभेत दहा मिनिटे आरडाओरडा होईल हे खरे. पण त्या संस्थेत आम्ही आमची ठेव ठेवू.

एक 'नये' हरवले त्याची गोष्ट

आता पापडांची हकीकत. आमच्याजवळच्या एका खेड्यातल्या बचत गटाच्या बायका उडदाचे पापड करतात. पापड उत्तम. पहिल्यांदाच कोल्हापूरच्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली. म्हणून त्यांनी हौसेने रंगीत पिशव्या छापून घेतल्या. पिशवीवर लिहायचे होते, 'पॅकिंगच्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर वापरू नये.' डीटीपी करणाऱ्या मुलाने अक्षर मोठे केले, ओळ मावली नाही, आणि शेवटचा शब्द खालच्या ओळीत गेला. खालची ओळ पिशवी चिकटवण्याच्या पट्टीत आली. दुकानात माल पोहोचला तेव्हा पिशवीवर वाचता येत होते, 'पॅकिंगच्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर वापरू'. दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. त्याचेही चूक नव्हते. खाण्याच्या पदार्थांच्या वेष्टणाचे नियम कडक आहेत. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर आधी त्यालाच उत्तर द्यावे लागणार. पापड गावात विकले गेले, पण छापलेल्या पिशव्या वाया गेल्या, आणि त्यांचे पैसे सहा-सात घरांतून वसूल झाले. 'नये' या दोन अक्षरांची ती किंमत.

या बायका मात्र रडत बसल्या नाहीत. नव्या पिशवीचा मजकूर घेऊन त्या वाचनालयात आल्या. आमच्या समितीने त्या दिवशी दुसरे काहीच काम केले नाही. पहिला बदल असा केला की, 'नंतर वापरू नये' हे नकाराचे वाक्यच काढून टाकले आणि 'पॅकिंगच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरावे' असे होकाराचे लिहिले. एखादा शब्द कापला गेला तरी अर्थ उलटा होऊ नये, अशी वाक्यरचना ठेवावी, हे आम्ही त्या दिवशी त्यांच्याबरोबरच शिकलो. दुसरे म्हणजे नियम पाहिला. वेष्टणावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो. त्याशिवाय आणखी कुठल्याही भाषेत लिहायला मुभा आहे. म्हणजे आवश्यक तेवढे इंग्रजीत ठेवून मराठी आणि कन्नड दोन्ही घालता येतात. 'पापड तळताना तेल चांगले तापलेले असावे' ही सूचना मराठीत आली, आणि तिचे कन्नड गटातल्याच एका सूनबाईंनी करून दिले. त्यांचे माहेर धारवाडकडचे. पापडाचे नाव काय ठेवावे यावर तासभर वाद झाला, तो येथे सांगत नाही.

पूर्वी अशी चूक कमी व्हायची, याचे कारण लोक जास्त शहाणे होते असे नव्हे. मालक आणि छापलेला कागद यांच्यामध्ये तीन जोड्या डोळे असत. मजकूर लिहिणारा कारकून असे, छापखान्यात खिळे जुळवणारा असे, आणि कच्चे मुद्रित वाचणारा असे. खिळे जुळवणाऱ्या कित्येकांचे शुद्धलेखन आम्हा मास्तरांपेक्षा पक्के होते. एकेक वेलांटी बोटांनी उचलून ठेवल्यावर ती कशी विसरेल? आता मालक मोबाईलवर मजकूर पाठवतो, डीटीपीवाला तो उचलून फ्लेक्सवर टाकतो, आणि तासाभरात फ्लेक्स खांबावर चढतो. मधले डोळे गेले. त्यात भर म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती. त्या हिंदीतून यंत्राने मराठीत केलेल्या असतात, आणि 'आमची मदत घ्या'ऐवजी 'आम्ही आपली मदत करू' असली भाषा त्यांतून आपल्या दुकानांत उतरते. मराठीत आपण कुणाला मदत करतो. कुणाची मदत करीत नाही.

चाळीस टक्क्यांतली मराठी

हा विषय आपल्या भागात आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. कर्नाटकाच्या २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ साली दुरुस्ती झाली, आणि दुकानांच्या व आस्थापनांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडसाठी, तीही वरच्या भागात, ठेवणे बंधनकारक झाले. त्या कायद्याविषयीची मते या पानावर पूर्वी अनेकांनी मांडली आहेत. ती पुन्हा मांडण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष उरलेल्या ४० टक्क्यांकडे आहे. तेवढ्यात इंग्रजीही बसवायची आणि मराठीही. अनेक दुकानदार म्हणतात, जागाच कमी, मराठी कशाला? आणि जे मराठी ठेवतात, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या पाटीवर 'उज्वल', 'आशिर्वाद', 'पारंपारिक' असे शब्द असतात. उज्ज्वल, आशीर्वाद, पारंपरिक असे ते हवेत. मराठीच्या पाटीसाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. निवेदने लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो. ती जागा मिळाल्यावर तिथे काय लिहायचे, याचा विचार मात्र आपण पेंटरवर सोडून दिला.

वरच्या ६० टक्क्यांतली कन्नडही नीट असली पाहिजे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मराठी दुकानदाराने कायद्यापुरती म्हणून लावलेली, कुणालाही न दाखवलेली कन्नड पाटी आमच्या कन्नड शिक्षक मित्रांनी आम्हाला वाचून दाखवली आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला तेच भाव दिसले, जे 'शुध्द' वाचताना आमच्या चेहऱ्यावर उमटतात. आपले निम्मे गिऱ्हाईक कन्नड बोलणारे आहे. त्यांच्या भाषेत चुकीचे लिहून आपण त्यांच्याकडून पैसे कसे घेणार?

काही जण म्हणतील, आमची बोलीच वेगळी, पुस्तकी मराठी आम्हाला कशाला? बोलीचा आम्हाला अभिमान आहे. गल्ल्यावर बसून "काय पायजे अक्का, कवा आलासा?" असेच विचारावे, तिथे पुस्तकी बोलणारा दुकानदार परका वाटतो. पण बिल, पावती, पत्र आणि पाटी मडगावला, इंदूरला आणि सांगलीलाही वाचली जाते. चार ठिकाणच्या लोकांना एकच अर्थ कळावा म्हणून लेखनाची भाषा एक ठेवलेली असते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम याचसाठी आहेत. १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार, असे सगळे मिळून अठरा नियम. सातबारा समजून घेण्याइतकेही ते अवघड नाहीत. आमच्या भागातल्या धंद्यांना रोज लागणारा तर एकच आहे : शब्द 'अ'ने संपत असेल तर मराठी शब्दातली शेवटून दुसरी वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व. म्हणून 'दूध मिळेल', पण 'दुधाचे पदार्थ मिळतील'. 'पीठ', पण 'पिठाची गिरणी'. 'वीट', पण 'विटांचा दर'. 'मूल्य', 'शून्य', 'गुण', 'विष' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. ते जसे आहेत तसेच राहतात. डेअरी, गिरणी आणि वीटभट्टी यांच्या निम्म्या पाट्या एवढ्या एका नियमाने सुधारतील.

एक शंका बिलबुक छापणाऱ्यांकडून नेहमी येते. पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' हे आता ठेवावे की नाही? आमच्या मते व्यापारी पत्रात ते वगळले तरी चालेल. पण तारीख, कोणत्या पत्राचे उत्तर, किती माल, कोणत्या दराने, कधीपर्यंत आणि पैसे कसे, एवढे वगळून चालणार नाही. उधारीची आठवण देणारे पत्र विशेष जपून लिहावे. 'आपण वारंवार सांगूनही पैसे दिले नाहीत' असे लिहिले की पैसेही येत नाहीत आणि गिऱ्हाईकही जाते. 'ता. १० जूनच्या बिलापैकी ४,२०० रुपये बाकी आहेत. या महिन्याअखेर पाठवावेत' असे लिहिले तर निदान गिऱ्हाईक राहते. आमच्या एका व्यापारी मित्राची पत्रे अशी असतात. त्यांचे पैसे वेळेवर येतात का, असे आम्ही विचारले, तर म्हणाले, "सगळे येत नाहीत, पण माणसे तोंड चुकवत नाहीत."

आमच्या वाचनालयात मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ही पुस्तके टेबलावरच ठेवलेली असतात, कपाटात नव्हे. गुरुवारी संध्याकाळी समितीचे आम्ही तिघे-चौघे तिथे बसतो. पेंटरकडे, छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे जाण्यापूर्वी ज्यांना मजकूर दाखवावासा वाटेल त्यांनी यावे. कन्नड मजकुरासाठी आमचे एक सहकारी शिक्षक महिन्यातून दोनदा येतात. मजकूर कागदावर, ठळक अक्षरात उतरवून आणावा. मोबाईलवर दाखवू नये. आमची नजर आता तेवढी राहिलेली नाही.